दुखणे एकीकडे, पाना दुसरीकडे

गुडघा दुखू लागला तेव्हा मी गुडघ्याकडेच पाहिले. उजव्या वाटीच्या खालच्या कडेला, बोटाने दाबले तर नेमकी सापडेल अशा एका जागी, सायकलवर वीस-पंचवीस किलोमीटर झाले की ठसठस सुरू होई आणि उतरल्यावर जिना चढताना ती स्पष्ट जाणवे. मी मलम लावले, लवचीक पट्टा बांधला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम केले, पंधरा दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवली आणि मग मोठ्या आशेने पुन्हा बाहेर काढली; दुखणे त्याच अंतरावर, वेळ ठरवून आलेल्या माणसासारखे हजर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण मी असंख्य वेळा दुसऱ्यांसाठी वापरली आहे, पण यातला रेडा कोणता आणि पखाल कोणती हेच ओळखता न येण्याची माझी ती पहिली वेळ होती.

रेडा ओळखला तो माझ्या मागून सायकल चालवणाऱ्या एका मित्राने. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग शेजारी येऊन म्हणाला, “अरे, तू सायकल चालवतो आहेस की स्टुलावर बसून पाय हलवतो आहेस? गुडघे हँडलला लागतील तुझे. सीट वर घे.” मला राग आला, कारण माझी सीट माझ्या मते अगदी योग्य उंचीवर होती: थांबलो की बसल्या बसल्या माझी दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकत. योग्य उंचीची माझी व्याख्या तेवढीच होती, आणि ती चुकीची आहे हे मान्य करायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

तो हिशेब अगदी साधा आहे. पॅडल जिच्या टोकाला असते ती क्रँक ज्या आसाभोवती फिरते, तो बहुतेक सायकलींत जमिनीपासून साधारण २७ सेंटिमीटर उंचीवर असतो, आणि क्रँकची लांबी बहुधा १७ सेंटिमीटर असते. म्हणजे पॅडल फिरत फिरत अगदी तळाशी आले तरी त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये १० सेंटिमीटर अंतर उरतेच. आता तळाच्या पॅडलवर पाय जवळजवळ सरळ व्हावा अशी सीट लावली, तर सीटवर बसून जमिनीला सपाट पाऊल टेकणे शक्यच नाही. फार तर चवडा टेकेल. उलट बाजूने सांगायचे, तर ज्याची दोन्ही पावले बसल्या जागी आरामात टेकतात, त्याचा गुडघा पॅडल मारताना कधीच नीट उलगडत नाही. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाभरात एकेक पाय पाच हजारांहून अधिक वेळा फिरतो, आणि त्यातल्या प्रत्येक फेऱ्यात माझा गुडघा अवाजवी दुमडलेल्या अवस्थेत जोर लावत होता, वाटी मांडीच्या हाडावर दाबली जात होती. थांबताना सीटवरून पुढे घसरून, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहायचे असते ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर भीतीने ती माझ्या कानात शिरली नव्हती. सीट खाली ठेवण्यामागे बहुतेकांच्या मनात पडण्याची भीती असते, आणि त्या भीतीचे भाडे गुडघा भरतो.

यात गंमत अशी की सायकलच्या इतिहासात एक काळ असा होता, जेव्हा हा प्रश्न सायकल विकत घेतानाच सुटत असे. १८७०-८०च्या दशकांतल्या त्या प्रचंड पुढच्या चाकाच्या सायकलींत पॅडल थेट चाकाच्या आसालाच जोडलेले असे आणि स्वार चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसे, त्यामुळे पायाच्या लांबीवरून चाकाचा आकार ठरवावा लागे. लांब पायांच्या माणसाला मोठे चाक मिळे, आणि एका फेऱ्यात तो अधिक अंतरही कापे. आखूड पायांच्या माणसाला मुकाट्याने लहान चाक पत्करावे लागे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली, चेनने मागचे चाक फिरवण्याची रीत रुळली, आणि स्वाराचे माप चाकावरून निघून सीटखालच्या नळीवर आले. एकाच सायकलवर अनेक उंचीची माणसे बसू लागली ही मोठी सोय झाली, पण त्याचबरोबर चुकीच्या उंचीवर बसण्याचे स्वातंत्र्यही सगळ्यांना मिळाले. ते मी पुरेपूर उपभोगले होते.

असो. मित्राचे म्हणणे पटल्यावर मी मापे घ्यायला बसलो. पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजण्याची रीत अशी: अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पावलांमध्ये थोडे अंतर ठेवायचे, एक कठीण पुठ्ठ्याचे पुस्तक कणा वर करून दोन पायांच्या मध्ये धरायचे, भिंतीशी काटकोन राखत ते सीटवर बसल्यासारखे वर दाबायचे आणि कण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारायची. मी तीन वेळा मोजले आणि तीन उत्तरे मिळाली: ७८.६, ७९.२ आणि ७९ सेंटिमीटर. पुस्तक किती जोराने दाबायचे याला काही प्रमाण नाही, आणि माणूस स्वतःच्या बाबतीत फारसा कठोर होत नाही. मी ७९ धरले.

मग सूत्रे. पायाच्या या लांबीला ०.८८३ने गुणायचे आणि येईल ते अंतर क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटखालच्या नळीच्या रेषेत मोजायचे, ही रीत अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने १९८०च्या दशकापासून चालत आली आहे. माझे उत्तर आले ६९.८ सेंटिमीटर. दुसरी रीत त्याहून जुनी, १९६७ साली हॅमली आणि थॉमस यांनी केलेल्या अभ्यासातली: पॅडल तळाशी असताना पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या लांबीच्या १०९ टक्के असावे. ते येते ८६.१ सेंटिमीटर, आणि मी क्रँकच्या आसापासून मोजत असल्यामुळे त्यातून क्रँकचे १७ वजा केले की उरतात ६९.१. दोन प्रतिष्ठित सूत्रांच्या उत्तरांत ७ मिलिमीटरांचा फरक होता. त्या वेळी मला तो क्षुल्लक वाटला. माझी सीट प्रत्यक्षात होती ६७.५ सेंटिमीटरांवर, म्हणजे दोन्ही सूत्रांच्या दृष्टीने मी खड्ड्यातच बसलो होतो, आणि खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्याने काठावरच्या ७ मिलिमीटरांचा विचार करू नये असे माझे मत झाले.

त्याच संध्याकाळी मी क्लॅम्पचा बोल्ट सैल केला, नळीवर कोरलेली ‘याहून वर काढू नये’ ही रेघ अजून आतच आहे याची खात्री केली, आणि सीट एका दमात २३ मिलिमीटर वर घेतली. दुसऱ्या दिवशी सायकल वाऱ्यासारखी पळाली. चढावर मांड्यांत दुप्पट बळ आल्यासारखे वाटले आणि वाटीखालची ठसठस सबंध फेरीत एकदाही आली नाही. मी मित्राला आभाराचा लांबलचक निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी त्याच गुडघ्याच्या मागच्या बाजूला, खोबणीत, जिथे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोऱ्या हाताला लागतात तिथे, एक नवाच ताण सुरू झाला.

इथे मला पहिल्यांदा त्या ७ मिलिमीटरांची किंमत कळली. सीट फार खाली असली की गुडघा पुढून दुखतो, फार वर असली की मागून. हा ठोकताळा ढोबळ आहे, पण माझ्या बाबतीत तरी तंतोतंत खरा ठरला. पाय तळाच्या पॅडलपर्यंत पुरेनासा झाला की शरीर तक्रार करत बसत नाही, ते गुपचूप तडजोड करते: टाच उचलून चवडा खाली ताणते, किंवा ज्या बाजूचे पॅडल तळाशी आहे त्या बाजूला कंबर झुकवते. ही झुकणारी कंबर स्वाराला स्वतःला दिसत नाही. मित्राला मागून येऊन पाहायला सांगितले तेव्हा तो म्हणाला की सीटच्या मागच्या काठावर माझी बैठक तराजूच्या पारड्यांसारखी खाली-वर होते आहे. सूत्र चुकले होते असे म्हणता येणार नाही. सूत्राला माझ्या बुटाच्या तळव्याची जाडी ठाऊक नव्हती, माझ्या पावलाची लांबी ठाऊक नव्हती, पॅडल मारताना मी टाच किती उचलतो हे ठाऊक नव्हते. आणि खुर्चीवर तासन्‌तास बसून आखडलेले मांडीमागचे स्नायू तर कोणत्याच सूत्रात बसत नाहीत.

म्हणून मी पुन्हा अगदी जुन्या, बिनआकड्यांच्या रीतीकडे वळलो. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसायचे, टाच पॅडलवर ठेवायची आणि पॅडल उलटे फिरवत तळाशी न्यायचे. त्या क्षणी पाय सरळ व्हावा, पण कंबर रेसभरही झुकू नये. मग नेहमीप्रमाणे पावलाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो. कोनमापकाने मोजणारे लोक हा बाक २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावा असे मानतात, अर्थात पाय स्थिर असताना. चालत्या पायाची टाच हलत असल्यामुळे आकडा बदलतो. या रीतीने माझी सीट ८ मिलिमीटर खाली आली आणि ६९.० वर स्थिरावली. हे ८ मिलिमीटर मी मात्र एका दमात उतरवले नाहीत. दोन-तीन मिलिमीटर उतरवायचे, त्या उंचीवर तीन-चार फेऱ्या मारायच्या, मग पुढचे. कारण नव्या उंचीवर स्नायूंनाही सवय लागावी लागते, आणि पहिल्या दिवसाचा आनंद किती फसवा असतो हे मी पाहिले होते. शेवटी क्लॅम्पच्या वरच्या काठाला लागून नळीभोवती काळ्या चिकटपट्टीचा एक वळसा दिला, म्हणजे सीट कधी काढावी लागली तर परत तिथेच येईल.

सीटची उंची पुन्हा पुन्हा बदलणाऱ्या माणसाला लोक हसतात. अशा वेळी मी बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सची आठवण काढतो. १९६९च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या ब्लुआ इथल्या सायकल शर्यतींच्या धावपट्टीवर त्याला भीषण अपघात झाला. त्याच्यापुढे मोटारसायकल चालवणारे फर्नांड वाम्स्त त्यात मृत्युमुखी पडले, आणि मर्क्सच्या कमरेला जी इजा झाली ती पुढे कायम सलत राहिली. त्यानंतर तो सतत सीट वर-खाली करत राहिला, शर्यतीच्या मध्येही खिशातला पाना काढून बोल्ट फिरवताना लोकांनी त्याला पाहिले आहे. आणि त्याच कमरेने त्याने आणखी चार वेळा तूर द फ्रान्स जिंकली आणि १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. त्याचे दुखणे खरे होते आणि माझे अर्धे मनाचे, हा फरक मी इतरांना सांगत नाही.

उंचीचे प्रकरण मिटले तेव्हा मला वाटले की सीटशी माझा हिशेब पुरा झाला. पण तासाभरानंतर दोन मांड्यांच्या मधल्या नाजूक जागेला बधिरपणा येऊ लागला. मराठीत सायकलच्या सीटला कोणी खोगीर म्हणत नाही, तरी इथे मी केली ती शब्दशः खोगीरभरती होती: जेल भरलेले एक गुबगुबीत आवरण आणून सीटवर चढवले. पहिला अर्धा तास ते गादीसारखे वाटले आणि मग बधिरपणा पूर्वीपेक्षा लवकर आला. कारण नंतर लक्षात आले. बसताना भार पेलण्यासाठी शरीराने दोन हाडे दिलेली आहेत, बैठकीच्या तळाशी, डावी आणि उजवी. सीट नीट असेल तर वजन त्यांच्यावर येते आणि मधल्या भागातल्या नसा व रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात. मऊ भरताड घातले की ही हाडे त्यात रुततात, आणि विस्थापित झालेला जेल वर उसळून नेमका मधल्या, नको त्या जागी दाबतो. वर त्या आवरणाने माझी मोजून लावलेली उंची बिघडवली ती वेगळीच.

आवरण काढून टाकले आणि हाडांमधले अंतर मोजले. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कठीण पायरीवर ठेवायचा, त्यावर थोडे पुढे वाकून बसायचे, टाचा किंचित उचलायच्या म्हणजे भार नीट पडतो, आणि उठून पुठ्ठ्यावर तिरपा उजेड पाडायचा. दोन उथळ खळगे दिसतात. माझ्या खळग्यांच्या केंद्रांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर होते, आणि सीटचा मागचा भाग त्याहून पुरेसा रुंद होता. म्हणजे सीट बदलण्याची गरज नव्हती. मग उरला तिचा उतार. सीटचे नाक मला किंचित वर उचललेले वाटले, म्हणून मी ते खाली केले. मनाचे समाधान होईना म्हणून आणखी खाली केले. नंतर मोजले तेव्हा ते चार अंश खाली गेलेले निघाले. चार अंश ऐकायला काहीच नाहीत, पण २७५ मिलिमीटर लांबीच्या सीटवर त्याचा अर्थ नाक शेपटीपेक्षा १९ मिलिमीटर खाली, आणि इतक्या उतारावर माणूस बसत नाही, घसरतो.

बधिरपणा गेला, आणि पंधरवड्याने हातांची करंगळी व तिच्या शेजारचे बोट झिणझिणू लागले. आता गंमत पाहा: एवढा अनुभव गाठीशी असूनही मी हातांवरच उपचार केले. जाड तळव्यांचे हातमोजे घेतले, हँडलवर दुपदरी पट्टी गुंडाळली, मनगटाची ठेवण बदलून पाहिली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी सीटवरून प्रत्येक क्षणी पुढे घसरत होतो आणि हात ताठ करून स्वतःला मागे ढकलत होतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस त्या भाराखाली चेंगरत होती. बोटे झिणझिणत होती ती दोन फूट मागच्या एका बोल्टमुळे.

तो बोल्ट दुरुस्त करण्याचेही एक उपाख्यान झाले. फोनमधल्या पातळीमापकाने सीटचा उतार पाहावा म्हणून मी सीटवर एक सपाट फळी ठेवली, तीवर फोन ठेवला आणि नाक बरोबर शून्य अंशावर आणले. चालवून पाहिले तर अजूनही घसरायला होत होते. दुसऱ्या दिवशी सायकल चुकून उलट तोंडाने उभी राहिली आणि फोनने तीन अंशांचा उतार दाखवला. फरशी सपाट नव्हती. पाणी वाहून जावे म्हणून तिला उतार दिलेला होता, आणि मी इमानेइतबारे सीटला फरशीचा उतार शिकवला होता. तेव्हापासून मी सायकल एकदा या तोंडाने आणि एकदा त्या तोंडाने, चाके त्याच दोन ठिकाणी टेकवून उभी करतो आणि दोन्ही आकड्यांची सरासरी काढतो. फरशीची चूक त्यात आपोआप वजा होते. शेवटी नाक अर्धा अंश खाली ठेवले. माझ्या सीटखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन बोल्ट आहेत, त्यामुळे एक सैल करत दुसरा आवळत अर्ध्या अंशाचा बदल करता येतो. जुन्या सायकलींच्या दातेरी क्लॅम्पमध्ये ही चैन नाही: एक दात सरकला की नाक आभाळाकडे, उलट सरकला की जमिनीकडे, आणि ज्या उतारावर बसावेसे वाटते तो नेमका दोन दातांच्या मध्ये असतो.

बोटांची झिणझिण बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नाही, आणि तिसरे समायोजन उरले होते ते पुढे-मागेचे. सीटच्या खालच्या बाजूला दोन समांतर सळ्या असतात. क्लॅम्पचे बोल्ट सैल केले की त्या सळ्यांवरून सीट काही सेंटिमीटर पुढे-मागे सरकते. मी विचार केला की हातांवर भार येतो, म्हणजे हँडल दूर आहे. हँडल दूर आहे, म्हणजे सीट पुढे घ्यावी. तर्क निर्दोष होता आणि परिणाम उलटा झाला. सीट १० मिलिमीटर पुढे घेतल्यावर हात आणखी लवकर थकू लागले.

हे का घडले ते ज्याला पाहायचे असेल त्याने सायकल सोडून भिंतीपाशी जावे. टाचा आणि पाठ भिंतीला चिकटवून उभे राहावे आणि कमरेतून वाकून पायाची बोटे धरण्याचा प्रयत्न करावा. अर्ध्या वाटेतच तोंडावर पडायची वेळ येते, कारण एरवी आपण पुढे वाकतो तेव्हा नकळत कंबर मागे नेत असतो आणि भिंत ती जाऊ देत नाही. सायकलवरही धड पुढे झुकलेले असते आणि तोल सांभाळण्यासाठी बैठक पावलांच्या पुरेशी मागे असावी लागते. सीट पुढे घेतली की हँडल जवळ येते खरे, पण धडाचा भार पावलांच्या पुढे कलतो आणि तो पेलण्यासाठी उरतात फक्त हात. सपाट रस्त्यावर, मोकळ्या जागी, बऱ्यापैकी जोर लावत असताना तळवे हँडलवरून नुसते निसटते उचलून पाहावेत. क्षणभरही न कोसळता तसेच राहता आले तर सीट बरोबर जागी आहे. मी १० मिलिमीटर परत मागे गेलो आणि मग आणखी ६ मिलिमीटर मागे, तेव्हा कुठे ही परीक्षा उत्तीर्ण झालो.

पुढे-मागेच्या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध नियम ओळंब्याचा आहे: क्रँक जमिनीला समांतर ठेवायची आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पॅडलच्या आसावर पडला पाहिजे. मीही दोरीला नट बांधून हे केले आणि दोरी आसाच्या मागे पडली. पण सायकली बनवणारे कीथ बॉन्ट्रेगर यांनी या नियमावर घेतलेला आक्षेप मला पटतो: गुडघा आणि पॅडल यांच्यामध्ये गुरुत्वाकर्षणाची ही उभी रेघ का महत्त्वाची असावी, याला काही कारण सापडत नाही, कारण मागे रेलून चालवायच्या सायकलींत तर पॅडल गुडघ्याच्या पुढे, हवेत असते आणि तिथेही माणसाचे पाय व्यवस्थित चालतात. ओळंबा निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कुठून सुरुवात करायची हे तो सांगतो. तिथून पुढे मात्र मी ओळंब्यापेक्षा तळहातांचे ऐकले.

या तीन समायोजनांतली खरी पंचाईत ही, की ती तीन नाहीतच. सीटची नळी उभी नसते, मागे कललेली असते, जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करून; त्यामुळे सीट १० मिलिमीटर वर घेतली की ती सुमारे ३ मिलिमीटर मागेही जाते. मी पहिल्या संध्याकाळी उत्साहाने २३ मिलिमीटर वर गेलो तेव्हा जवळजवळ ७ मिलिमीटर मागेही गेलो होतो आणि त्याची मला खबरच नव्हती. उलट सळ्यांवरून सीट ६ मिलिमीटर मागे नेली की पॅडलपासूनचे अंतर दोनेक मिलिमीटरांनी वाढते, म्हणजे तेवढी ती खाली घ्यावी लागते. नाक खाली केले की माणूस पुढे घसरून बसतो आणि बसण्याची खरी जागा मोजलेल्या जागेहून वेगळीच होते. एक गाठ सोडावी तर दुसरी आवळते. म्हणून मी एक लहान वही केली आणि स्वतःला एकच नियम घालून घेतला: एका वेळी एकच बोल्ट. वहीत अशा नोंदी आहेत: ‘उंची ६९.०, नाक अर्धा अंश खाली, मागे ६. फेरी ४१ किलोमीटर, वारा समोरून. हात ठीक. डावी मांडी आतून घासली, पण चड्डी नवी होती.’ हा ‘पण’ महत्त्वाचा आहे. चड्डी नवी असताना, वारा समोरून असताना किंवा झोप अपुरी झालेली असताना सीटवर निकाल देऊ नये.

चार महिने सगळे शांत होते. मग एके दिवशी उजव्या वाटीच्या खालच्या कडेला, त्याच जुन्या जागी, ठसठस परत आली. मी वही काढली. मधल्या काळात बूट बदलले होते, त्यांचा तळवा जरा पातळ असावा, ही एक शंका. चढ वाढवले होते, ही दुसरी. वय ही तिसरी, जिच्यावर काही इलाज नसल्यामुळे ती मला विशेष पटू लागली. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असेल आणि सीट तर दोघांना मिळून एकच, असाही एक परिच्छेद मी वहीत लिहिला आणि बुटात घालायची पातळ चकती कापायलाही घेतली.

पावसातून आल्यावर सायकल पुसताना फडके सीटखालच्या नळीवर अडखळले. नळीवरची काळी चिकटपट्टी, जी क्लॅम्पला नुसती लागून असायला हवी होती, ती खालून सुरकुतून, चुरगळून वर गोळा झाली होती. मी मोजपट्टी घेऊन मोजले: ६८.४. क्लॅम्प फार आवळला तर फ्रेम चिरडेल या धास्तीने मी बोल्ट हलक्या हाताने आवळला होता, शिवाय नळी आत गंजून अडकू नये म्हणून ग्रीस लावताना हात सैल सोडला होता, आणि नळी प्रत्येक खड्ड्यागणिक केसभर खाली बसत चार महिन्यांत ६ मिलिमीटर उतरली होती. मी ती बाहेर काढली, जास्तीचे ग्रीस पुसले, अगदी पातळ हात ठेवला, पुन्हा ६९.० वर आणून क्लॅम्पवर कोरलेल्या ६ न्यूटन-मीटरपर्यंत मोजणाऱ्या पान्याने आवळली आणि नवी पट्टी गुंडाळली. कापलेली चकती वहीच्या पानांत खूण म्हणून राहिली. तिच्या शेजारच्या पानावर त्या दिवसाची नोंद आहे: ‘आज काहीही बदलले नाही. होते तिथे आणले.’